एफडीपेक्षा जास्त मिळतं म्हणून डायनॅमिक बाँड फंड घेताय? आधी त्याच्या पोटात काय आहे ते पाहा

बार्शीटाकळी : रिझर्व्ह बँकेनं २०२५ या एका वर्षात रेपो दर चार वेळा कमी केला. वर्षाच्या सुरवातीला तो साडेसहा टक्के होता, डिसेंबरमध्ये सव्वापाचवर आला. घराचं किंवा ट्रॅक्टरचं कर्ज असणाऱ्याला बरं वाटलं असेल, पण ज्याची एफडी त्या वर्षात पिकली, त्याला बँकेच्या काउंटरवर नवा दर ऐकून गप्प बसावं लागलं. आधी सात-सव्वासात मिळत होते, आता मोठ्या सरकारी बँका साडेसहाच्या आसपास किंवा त्याहून कमी सांगतात.

अशा वेळी गावात एक नवीन नाव फिरायला लागतं. सध्या ते नाव आहे डायनॅमिक बाँड फंड. निवृत्त झालेले मास्तर, जमिनीचा मोबदला मिळालेले शेतकरी, मुलाच्या नोकरीतून थोडी शिल्लक पडलेली घरं, यांना फोन येतात. सांगणारा साधारण तीन गोष्टी सांगतो. पैसा शेअर बाजारात जात नाही, रोख्यांत जातो. एफडीपेक्षा जास्त मिळतं. आणि व्याजदर वर जावो की खाली, फंड मॅनेजर सांभाळून घेतो.

पहिली गोष्ट खरी आहे. दुसरी कधी खरी असते, कधी नसते. सगळा घोळ तिसऱ्या गोष्टीत आहे, म्हणून तिथं जरा थांबू.

रोखा म्हणजे मक्त्यानं दिलेलं शेत

रोखा म्हणजे कर्जाचा कागद. सरकारला किंवा कंपनीला पैसे पाहिजेत, ती कागद देते, ठरलेलं व्याज दरवर्षी देते आणि मुदत संपली की मुद्दल परत करते. इथपर्यंत एफडीसारखंच. फरक असा, की रोखा बाजारात रोज विकला जातो आणि त्याचा भाव रोज बदलतो.

भाव का बदलतो ते शेताच्या मक्त्यावरून लवकर समजतं. आपल्याकडं काही जण ठोक्यानं देणं म्हणतात, तेच. समजा एकानं आपलं शेत दहा वर्षांसाठी एकरी ६ हजारानं देऊन टाकलं, कागद पक्का झाला. दोन वर्षांत आजूबाजूला भाव एकरी साडेसात हजार झाला. आता हा मक्त्याचा कागद दुसऱ्याला विकायचा म्हटलं तर पूर्ण किंमत कोण देईल? घेणारा म्हणेल, मला बाजारात साडेसात मिळतात, तुमच्या कागदावर सहाच मिळणार, तर कमी करून द्या. आणि मक्ता जितका लांबचा, तितकं जास्त कमी करावं लागेल. एक वर्षच उरलं असेल तर थोडक्यात भागतं.

रोख्यात हेच होतं, फक्त आकड्यांत. १०० रुपयांचा रोखा, व्याज ६ टक्के. बाजारात दर साडेसात टक्के झाला, तर एक वर्ष मुदत उरलेल्या रोख्याला सुमारे ९८ रुपये ६० पैसे भाव येतो. तीन वर्षं उरली असतील तर सुमारे ९६. दहा वर्षं उरली असतील तर नव्वदच्याही किंचित खाली. उलट साडेसात टक्क्यांचा दहा वर्षांचा रोखा हातात असताना बाजाराचा दर सहावर आला, तर त्याच १०० चे १११ होतात.

म्हणजे दर पडणार असतील तर लांब मुदतीचे रोखे धरून ठेवायचे, दर चढणार असतील तर छोट्या मुदतीच्या रोख्यांत यायचं. डायनॅमिक बाँड फंड हेच करतो. सेबीनं ऑक्टोबर २०१७ मध्ये म्युच्युअल फंडांचे प्रकार बांधून दिले, त्यात बहुतेक रोखे फंडांना मुदतीचं किंवा कागदाच्या प्रकाराचं बंधन घातलं. अमुक फंडानं एक ते तीन वर्षांच्या आत राहायचं, तमुक फंडानं चार ते सात वर्षांत. डायनॅमिक बाँडला मुदतीत मोकळीक ठेवली, कोणतीही मुदत चालेल. नावात डायनॅमिक असेलच असं नाही. आयसीआयसीआय प्रुडेन्शियलचा ‘ऑल सीझन्स बाँड फंड’ याच प्रकारातला आहे.

दार कधी उघडायचं

महानला काटेपूर्णा धरणावर दर पावसाळ्यात हाच पेच असतो. ऑगस्टमध्ये धरण भरत आलं. पाणी सोडावं की धरून ठेवावं? सोडलं आणि सप्टेंबर कोरडा गेला तर अकोल्याच्या नळाला आणि आपल्या रब्बीला पाणी कमी पडणार. धरून ठेवलं आणि एका रात्रीत वर ढगफुटी झाली तर एकदम दारं उघडावी लागणार, खाली नदीकाठच्या गावांची झोप उडणार. दारावरचा माणूस हुशार असला, हवामान खात्याचा अंदाज हातात असला, तरी पाऊस त्याला विचारून पडत नाही.

फंड मॅनेजर तसाच दारावर बसलेला आहे. त्याच्यापुढं महागाईचे आकडे असतात, रिझर्व्ह बँकेचं पतधोरण असतं, अमेरिकेचे व्याजदर, कच्च्या तेलाचा भाव, सरकार किती कर्ज काढणार याचा अंदाज असतो. त्यावरून तो ठरवतो, लांब जायचं की जवळ राहायचं. हे सगळं वाचणारा तो एकटा नाही, देशभरातल्या बँका आणि विमा कंपन्यांत तेच आकडे वाचणारे शेकडो लोक बसलेले आहेत. सगळ्यांना आधीच दिसलेली गोष्ट भावात आधीच उतरलेली असते.

मागं काय झालं ते पाहा. २०१३ च्या मे महिन्यात दहा वर्षांच्या सरकारी रोख्याचा दर सव्वासातच्या आसपास होता, आणखी खाली येईल असंच बहुतेकांना वाटत होतं. मग रुपया घसरायला लागला. जुलैमध्ये रिझर्व्ह बँकेनं रुपया सावरायला अचानक पैसा आवळला आणि ऑगस्टमध्ये तोच दर ९ च्या वर गेला. लांब मुदतीचे रोखे धरून बसलेल्या फंडांना तीन महिन्यांत मोठा फटका बसला. दहा वर्षांच्या रोख्यात पावणेदोन-दोन टक्क्यांची चाल म्हणजे काय, हे वरच्या उदाहरणावरून समजलंच असेल.

२०२० मध्ये कोरोनाच्या काळात रेपो दर ४ टक्क्यांवर आला होता. दहा वर्षांचा सरकारी रोखा ६ च्या आतबाहेर. ४ मे २०२२ रोजी रिझर्व्ह बँकेनं ठरलेल्या बैठकीशिवायच रेपो वाढवला, जूनपर्यंत दहा वर्षांचा दर साडेसातवर गेला. पुढं फेब्रुवारी २०२३ पर्यंत रेपो साडेसहा झाला.

आणि सगळ्यात शिकण्यासारखा किस्सा जून २०२५ चा. ६ जूनला रिझर्व्ह बँकेनं रेपो एकदम अर्धा टक्का कमी केला. पुस्तकाप्रमाणं रोख्यांचे भाव चढायला पाहिजे होते. पण त्याच दिवशी बँकेनं आपलं धोरण ‘तटस्थ’ केलं, म्हणजे पुढं लगेच आणखी कपात होईल असं समजू नका, असा इशारा दिला. बाजारानं तेवढंच ऐकलं. दहा वर्षांचा दर जो सव्वासहाच्या आसपास होता, तो ऑगस्टअखेर साडेसहाच्या वर गेला, म्हणजे रोख्यांचे भाव पडले. व्याजदर कमी झाला आणि लांब मुदतीच्या रोख्यात पैसा ठेवणाऱ्याचा तोटा झाला. दरकपात होणार हा अंदाज बरोबर आला होता, तरीही. म्हणून ‘मॅनेजर सांभाळून घेतो’ हे वाक्य ऐकलं की मी विचारतो, २०२५ च्या उन्हाळ्यात किती सांभाळलं ते दाखवा.

दुसरी भीती : कागदच बुडाला तर

आतापर्यंतचं दुखणं दर चढउताराचं होतं. ते वेळ दिला की बऱ्याच अंशी भरून येतं. दुसरं दुखणं तसं नाही. फंडानं ज्या कंपनीला पैसे दिले, ती कंपनीच परत देऊ शकली नाही तर?

याचं मोठं उदाहरण फ्रँकलिन टेम्पलटनचं. २३ एप्रिल २०२० ला, लॉकडाऊनमध्ये, या फंड घराण्यानं आपल्या सहा रोखे योजना एका दिवसात बंद केल्या. सुमारे २५ हजार कोटी रुपये अडकले. त्या सहांत एक होती ‘फ्रँकलिन इंडिया डायनॅमिक अ‍ॅक्रुअल फंड’, म्हणजे आपण ज्या प्रकाराबद्दल बोलतोय त्याच प्रकारातली. तिथं व्याजदराचा अंदाज चुकला नव्हता. जास्त व्याजासाठी कमी पत असलेल्या कंपन्यांचे कागद घेऊन ठेवले होते. कोरोनात लोक पैसे मागायला आले, पण तसले कागद घ्यायला बाजारात गिऱ्हाईक नव्हतं.

प्रकरण कर्नाटक उच्च न्यायालयात गेलं, मग सर्वोच्च न्यायालयात. फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ९,१२२ कोटींचं पहिलं वाटप करायला सांगितलं आणि ते काम मुंबईच्या एसबीआय म्युच्युअल फंडाकडं दिलं. पुढं हप्त्याहप्त्यानं रोखे विकून, वसूल करून लोकांना पैसे मिळाले, आणि एकूण वाटप बंद झाल्या दिवशीच्या रकमेपेक्षा जास्त भरलं. हे सांगणं भागच आहे, कारण अजूनही काही जण ‘फ्रँकलिनमध्ये सगळे बुडाले’ असं म्हणतात, तसं झालं नाही. पण पहिला रुपया हातात यायला दहा महिने लागले. त्या दहा महिन्यांत कोणाच्या घरी ऑपरेशन असेल, कोणाची पेरणी असेल. गरजेच्या दिवशी हातात न आलेला पैसा कागदावर कितीही असला तरी त्या दिवशी तो नसल्यातच जमा.

इथं एक समजून घ्या. फंड कंपनी बुडाली म्हणून तुमचे रोखे बुडत नाहीत, ते वेगळ्या संस्थेच्या ताब्यात तुमच्या योजनेच्या नावानं असतात. पण बँक ठेवीला जसं ५ लाखांपर्यंत विमा संरक्षण आहे, तसं फंडाला काहीच नाही. पतसंस्था आणि मल्टीस्टेटच्या ठेवीलाही ते नाही, हे बीडच्या ज्ञानराधा प्रकरणानंतर तरी सगळ्यांना माहीत झालं पाहिजे.

लांबचा पैसा असेल तर गणित काय

एक लाख रुपये घालू. फंडातल्या रोख्यांचा सरासरी परतावा ७ टक्के, आणि फंडाची ‘मॉडिफाइड ड्युरेशन’ ७ वर्षं. हा ड्युरेशनचा आकडा लक्षात ठेवा, याच्यावर बरंच काही आहे. दर १ टक्का चढला की भाव साधारण तितके टक्के पडतो, दर उतरला की तितका चढतो.

दुसऱ्याच दिवशी दर १ टक्का चढला. एक लाखाचे ९३ हजार झाले. इथं लोक घाबरून विकतात. पण थांबलात, तर आता तेच रोखे ८ टक्क्यांनी कमावतात. वर्षाअखेर परत एक लाखाच्या किंचित वर. दर चढलाच नसता तर आज जितके झाले असते, त्या रकमेला गाठायला मात्र सात-आठ वर्षं लागतात. म्हणून नियम असा : ड्युरेशन जितक्या वर्षांची, निदान तितकी वर्षं पैसा काढायचा नाही अशी तयारी पाहिजे.

पण डायनॅमिक फंडात तिढा आहे. मॅनेजर ड्युरेशन बदलत राहतो. आज सात, सहा महिन्यांनी तीन, पुन्हा आठ. दर चढल्यावर घाबरून तो जवळच्या मुदतीत आला, आणि मग दर उतरले, तर भरून येणारी रक्कमही हातची गेली. ठरलेल्या मुदतीच्या फंडात, जसा ‘भारत बाँड’, वर्ष नावातच लिहिलेलं असतं आणि तोपर्यंत थांबलात तर सुरवातीच्या दराच्या जवळपास पैसे येतात, सरकारी कंपन्यांचे कागद असल्यानं बुडण्याची भीतीही कमी. डायनॅमिकमध्ये असा कोणताच पक्का मुक्काम नाही. तुम्ही रोख्यावर कमी आणि मॅनेजरच्या डोक्यावर जास्त विश्वास टाकता. टाकायला हरकत नाही, पण टाकतोय हे ठाऊक असावं.

आता पोस्टाकडं बघा. २०२५ मध्ये वर्षभर राष्ट्रीय बचत प्रमाणपत्राचा दर ७.७ टक्के होता, पाच वर्षांसाठी. रिझर्व्ह बँकेच्या सात वर्षांच्या बदलत्या दराच्या बचत रोख्यावर ८.०५ टक्के. साठी ओलांडलेल्यांना ज्येष्ठ नागरिक योजनेत ८.२ टक्के, ३० लाखांपर्यंत. त्याच वर्षात फंड ज्या बाजारातून माल घेतो तिथं दहा वर्षांचा सरकारी रोखा साडेसहाच्या आसपास होता, आणि त्यातून फंडाचा खर्च जायचा. साडेसहाचा माल विकत घेऊन, खर्च काढून, आठ टक्के कुठून द्यायचे? एकतर दर पडून भाव चढले पाहिजेत, नाहीतर कमी पतीचे कागद घेतले पाहिजेत. तिसरा रस्ता नाही. मागच्या वर्षाचा दहा टक्क्यांचा आकडा दाखवला तर तो दर पडतानाचा आहे, हे विचारून घ्या.

मग फंड कोणी घ्यावाच नाही का? तसं मी म्हणत नाही. ज्यांची पोस्टाची मर्यादा भरली, ज्यांना पाच-सात वर्षं हात लावायचा नाही पण अडीअडचणीला दोन-तीन दिवसांत काढता यावा असं वाटतं, ज्यांच्याकडं शेअरचे फंड आहेत आणि सोबत काही शांत पैसा ठेवायचा आहे, त्यांच्या कामाचा आहे. पण खरिपाच्या बियाण्या-खताचा पैसा, पीककर्ज फेडायचा पैसा, पुढच्या वर्षीच्या लग्नाचा पैसा याच्यात घालू नये.

मोबाइलवर काय पाहायचं

फंडाच्या वेबसाइटवर दर महिन्याला ‘फॅक्टशीट’ येते. इंग्रजीत असते, पण चार गोष्टी कोणालाही सापडतात. आधी नऊ चौकोनांचं एक कोष्टक शोधा. डिसेंबर २०२१ पासून सेबीनं प्रत्येक रोखे फंडाला ते सक्तीचं केलं आहे. त्यात इंग्रजी ए, बी, सी म्हणजे कागद बुडण्याचा धोका, ए सगळ्यात कमी. एक, दोन, तीन उभ्या रेघा म्हणजे दर चढउताराचा धोका, तीन रेघा सगळ्यात जास्त. डायनॅमिक फंड तीन रेघांतच सापडतील, ते ठीक. त्यातला ए असलेला बरा, बी असेल तर आतले कागद पाहा, सी असेल तर मी पुढचं पान उघडत नाही.

मग आतले कागद. सरकारी रोखे किती टक्के, ‘एएए’ पतीचे किती आणि त्याखालचे किती, हे वेगवेगळं लिहिलेलं असतं. त्यानंतर ड्युरेशन, आणि तीही एका महिन्याची पाहू नका, गेल्या दोन-तीन वर्षांच्या फॅक्टशीट काढून पाहा. मॅनेजर किती वेळा आणि कधी इकडून तिकडं पळाला ते कळतं. दर चढून गेल्यावर जवळ आला आणि उतरून गेल्यावर लांब गेला असेल, तर तो पाऊस पडून गेल्यावर छत्री उघडणारा माणूस आहे. शेवटी खर्च. ‘रेग्युलर’ प्लॅनमध्ये विकणाऱ्याचं कमिशन दरवर्षी त्यातूनच जातं, ‘डायरेक्ट’मध्ये जात नाही. रोखे फंडात पाऊण-एक टक्का खर्च म्हणजे एकूण कमाईचा सातवा-आठवा हिस्सा. शेअरच्या फंडात तो लपतो, इथं टोचतो.

कराचं एक जुनं वाक्य अजून फिरतं, ‘तीन वर्षं ठेवलं की टॅक्स कमी लागतो.’ १ एप्रिल २०२३ पासून घेतलेल्या अशा फंडांना ते लागू नाही. कितीही वर्षं ठेवा, नफा तुमच्या उत्पन्नात धरून स्लॅबप्रमाणं कर लागतो, एफडीच्या व्याजासारखाच. फायदा एवढाच, की एफडीच्या व्याजावर दरवर्षी हिशोब होतो, इथं पैसा काढाल तेव्हाच होतो. शेतीचं उत्पन्न करमुक्त आहे, पण त्यातून आलेला पैसा फंडात घातला तर फंडाचा नफा शेतीचा होत नाही, काही जण तसं समजून बसतात.

विकणाऱ्याकडं ‘एआरएन’ नंबर असतोच, नसेल तर त्याला फंड विकायचा अधिकार नाही. तो नंबर म्युच्युअल फंड कंपन्यांच्या संघटनेच्या, म्हणजे अ‍ॅम्फीच्या वेबसाइटवर तपासता येतो. चेक किंवा यूपीआय फंडाच्याच नावानं करायचा, विकणाऱ्याच्या खात्यात एक रुपयाही टाकायचा नाही. ‘गॅरंटी’ हा शब्द त्यानं वापरला असेल तर तो व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून मागा. तक्रारीसाठी सेबीचं ‘स्कोअर्स’ पोर्टल आहे, आणि १८०० २२ ७५७५ या टोल फ्री नंबरवर मराठीतही बोलता येतं.